लेकींचा भत्ता

वऱ्हाड हा देश आहे, हे मला आमच्या संघटनेच्या अध्यक्षांनी शिकवलं. ते भाषणात म्हणायचे, "पासपोर्ट लागत नाही म्हनून लोक याले देश म्हनत नाहीत, नाही तं काय कमी हाय आपल्यात?" त्या हिशेबाने मी राष्ट्रीय खेळाडू. वऱ्हाडच्या मुलींच्या फुटबॉल संघाची गोलकीपर. माझ्या खेळाबद्दल मी स्वतः काही बोलत नाही, लोक बोलतात. लोकांनी काय बोलायचं ते मात्र मी सांगून ठेवलेलं आहे. अकोल्याच्या मे महिन्यात, ज्या उन्हात मैदानाकडेची कडुलिंबाची झाडं स्वतःच सावली शोधत फिरतात, त्या उन्हात मी अख्खी दुपार जाळ्यासमोर उभी राहिले आहे. एकदा मी मारलेला चेंडू जठारपेठेत एका बाईच्या गच्चीवरच्या वाळवणात पडला, तो चार कुरड्या अंगाला चिकटवून परत आला आणि त्या कुरड्या उन्हातच तळून निघाल्या होत्या. खोटं वाटत असेल तर त्या बाईंना विचारा. बाई आता हयात नाहीत, पण विचारायला काय जातं?

तर ही माझी सवय आहे आणि ती तुम्हाला आधीच कळलेली बरी. पुढे जे सांगणार आहे त्यात मात्र मी पदरचं काही घातलेलं नाही. घालायला जागाच ठेवली नव्हती कोणी.

अध्यक्ष म्हणजे अमरावतीतल्या एका मंगल कार्यालयाचे मालक. पोट असं की ते आधी यायचं आणि अध्यक्ष मागून, मधल्या वेळात आपला चहा पिऊन व्हायचा. फुटबॉलशी त्यांचा संबंध एवढाच, की लग्नसराई नसली म्हणजे कार्यालय रिकामं असायचं आणि रिकाम्या कार्यालयात संघ उतरवता यायचा. आम्ही मुली वधूपक्षाच्या खोलीत झोपायचो, मुलांचा संघ वरपक्षाच्या. चालणारे पंखे सगळे वरपक्षाकडे.

बाहेरगावी सामने असले की मुलांच्या बसच्या दाराशी अध्यक्ष जातीने उभे राहत आणि चढणाऱ्या प्रत्येक पोराच्या हातात पाकीट देत. तो भत्ता. आमची बस निघायची तेव्हा अध्यक्ष नसत, अध्यक्षीणबाई असत. त्या आमच्या ओट्या भरत. तांदूळ, खण, नारळ. कुमारिकांची अशी ओटी भरत नाहीत म्हणतात, पण बाईंनी शास्त्रात आमच्यापुरती दुरुस्ती करून घेतली होती. वरून आशीर्वाद, "लेकी हो, नाव काढून या." लोक नोकरीवरून काढताना नारळ देतात, आमची संघटना ठेवून घेताना द्यायची. एका मोसमात आमच्या घरी इतके नारळ साठले, की आईने वरणातसुद्धा खोबरं ढकललं आणि शेजारी आम्हाला कोकणातले समजू लागले. खण कार्यालयात उरलेले असत. एकीच्या खणाला तर कोण्या विहीणबाईच्या नावाची चिठ्ठी टाचलेली निघाली.

आम्ही हसायचो. पाकीट हा मुलांचा प्रकार आणि ओटी हा मुलींचा, असंच आम्हाला वाटायचं म्हणा ना. ते वाटणं बंद झालं आमच्या कप्तानमुळे.

कप्तान अकोल्यापलीकडच्या खेड्यातली. बाप शेतकरी, पोरगी काळ्या मातीत धावायला शिकलेली. पावसाळ्यात ती माती एकेका पायाला शेर-शेर चिकटते. असे दोन शेर घेऊन पळण्याची सवय असलेल्या मुलीला कोरड्या मैदानावर सोडलं तर काय होईल? ती पळायची नाही, सुटायची. तिचं लग्न अमरावतीला झालं, वकिलांच्या घरी. घर चांगलं. सासरे कोर्टात मान असलेले. सासू, म्हणजे आमच्या काकू, सामन्याच्या आधी सुनेला डिंकाचे लाडू बांधून देणारी. हे लिहायलाच हवं, नाहीतर तुम्ही सासू म्हटल्यावर लगेच डोळे वटारलेलं चित्र काढाल. काकूंचं म्हणणं सरळ होतं.

"सून सकाळी दोन तास बाहेर असते. का असते, ते मला चार बायकांना सांगता आलं पाहिजे. नोकरी असेल तर नोकरी म्हणते, मान वर करून म्हणते. पण फुकट असेल तर तो शौक झाला. शौक लग्नाआधी."

आणि त्यांनी मुदत घातली. हा मोसम. एवढ्यात संघटनेने काही हातावर ठेवलं तर पुढे खेळ, नाही तर बूट माळ्यावर.

हे कप्तानने आम्हाला गिला वड्याच्या गाडीवर सांगितलं. आमचा सगळा संघ अमरावतीत सरावानंतर तिथंच जमायचा. दही-चटणीत बुडालेला तो वडा क्रांतीला वाईट. खाताना कोणालाच गंभीर दिसता येत नाही. दह्याच्या मिश्या घेऊन आम्ही ठरवलं, की मुलांना मिळतो तोच भत्ता आम्हाला मिळाल्याशिवाय पुढचा सामना खेळायचा नाही. पुढचा सामना म्हणजे नागपूरकरणींविरुद्धचा, मोठे पाहुणे येणार होते तो. मी टेबलावर मूठ आपटली. टेबल नव्हतं, गाडीचं झाकण होतं. गाडीवाला म्हणाला, "ताई, क्रांती करा, पन झाकन ठेवा."

आम्ही सगळ्या अध्यक्षांकडे गेलो. ते कार्यालयाच्या ओट्यावर झेंडूच्या माळा मोजून घेत होते. कप्तानने मागणी सांगितली. अध्यक्ष रागावले नाहीत. रागावले असते तर बरं झालं असतं. त्यांनी डोळे भरून आणले.

"लेकी बापाले हिशेब मागतात काय वं?"

मी म्हटलं, "पोट्ट्यायले न मागता देल्ला, म्हनून आमी मागून राहिलो."

"पोट्टे घरचे. उद्या संघटना त्यायलेच चालवा लागन. तुमी काय, आज हाय, उद्या परघरी."

"मी तं परघरी जाऊन बी आली, भाऊ," कप्तान म्हणाली. "तरी तुमच्यासाठीच खेळून राहिली."

अध्यक्षांनी माळवाल्याला झापलं. मग आमच्याकडे वळून म्हणाले, "पाहू. बाप हाय मी. उपाशी ठेवीन काय?"

आमच्या वऱ्हाडात बहिणींनी बापाच्या शेतावरचा हक्क सोडायची पद्धत आहे. तहसिलात जायचं, भावाच्या नावाने सही करायची, भाऊ लुगडं घेतो, वहिनी पुरणपोळी करते आणि सगळे म्हणतात, काय मोठ्या मनाची पोरगी! माझ्या आईने केलं, आत्यांनी केलं. लुगडं घेऊन घरी येतात तेव्हा त्या खरोखर खूश असतात. आपण काही सोडून आलो असं त्यांना वाटत नाही, माहेर टिकवून आलो असं वाटतं. ही पद्धत मला लहानपणापासून माहीत होती. पण ती फुटबॉलला लागू पडेल हे काही माझ्या लक्षात आलं नाही. अध्यक्षांच्या आलं. माणूस उगाच मंगल कार्यालय चालवत नव्हता.

सामन्याच्या दिवशी आम्ही कपडे घालून, बूट बांधून मैदानाशेजारच्या टिनाच्या शेडमध्ये बसलो. ठरल्याप्रमाणे. पाकीट येईल तेव्हा उठायचं. मी सगळ्यांना पढवून ठेवलं होतं. शिव्या दिल्या तर ऐकायच्या, संघातून काढतो म्हणाले तर हसायचं, पोलीस आणले तर पोलिसांना पाणी विचारायचं. टिन असं तापलं होतं की वर बसलेला कावळा एकेक पाय उचलून लावणी करत होता. कोणीच आलं नाही. शिव्या नाहीत, पोलीस नाहीत. बाहेर नुसता माइक चालू.

मग आम्हाला माइकवरून एकेक नाव ऐकू यायला लागलं. ती आमच्या बापांची नावं होती.

अध्यक्षांनी गाड्या पाठवून अकोल्याहून, खेड्यापाड्यांतून सगळ्यांचे आईबाप आणवले होते. आम्हाला पत्ता नव्हता. आईबापांना वाटलं आम्हाला माहीत आहे. एकेकाला मंचावर बोलावून शाल, नारळ, फोटो. कप्तानच्या वडिलांना पहिला मान. तिच्या सासऱ्यांना, वकीलकाकांना, पाहुण्यांच्या शेजारची खुर्ची आणि जरा जाड शाल. टिनाच्या फटीतून मी पाहिलं. कप्तानचे वडील, ज्यांनी आयुष्यात बैलांशिवाय कोणाच्या अंगावर झूल पाहिली नव्हती, ते स्वतःच्या खांद्यावरची शाल हलू नये म्हणून श्वास धरून उभे होते.

आणि अध्यक्ष माइकवर म्हणाले, "आज आपल्या लेकींनी काय केलं, सांगू? संघटनेनं त्यायच्यासाठी भत्ता काढून ठेवला होता. तो त्यायनं घेतला नाही! वऱ्हाडच्या नावासाठी, संघटनेच्या नव्या मैदानासाठी, आपल्या लेकींनी तो दान केला! दान!"

मैदान उसळलं. पाहुणे उभे राहिले. वकीलकाकांनी टाळ्या वाजवल्या. कप्तानच्या वडिलांनी दोन्ही हातांनी डोळे पुसले, शाल पडली, उचलली, परत पुसले.

मी शेडच्या दारात जाऊन ओरडले, "खोटं हाय! एक रुपया नाही भेटला!" माझा आवाज कसा आहे ते अकोल्यात विचारा, मी जठारपेठेत शिंकले की स्टेशनवरची गाडी सिग्नल समजून सुटते. पण अध्यक्षांनी कार्यालयातला लग्नाचा बँड आणून ठेवला होता. त्यांनी नुसती भुवई हलवली. बँडपुढे माझी शिंक गेली.

मागून अध्यक्षीणबाई आल्या. हातात ताट. तांदूळ, खण, नारळ. त्यांच्यामागे आमच्या आया, आणि आयांच्या मागे शाली पांघरलेले बाप आणि वकीलकाका.

कप्तानचे वडील आत आले. एवढंच म्हणाले, "बाई, लय मोठं काम केलं तुमी. मले काही समजतच नव्हतं, तू काय करतं इकडे. आज समजलं."

आता तिने सांगायला हवं होतं. बाबा, हे खोटं आहे. चार शब्द. मी तिच्याकडे डोळे फाडून पाहत होते. तिने बापाच्या खांद्याकडे पाहिलं. अध्यक्षीणबाई ताट घेऊन तिच्यासमोर उभ्या राहिल्या, "धर पोरी." पदर नव्हता. ओटी परत पाठवणं हा आमच्याकडे साऱ्या घराला लागणारा अपशकुन, तिथं तर दोन्ही घरं उभी होती. तिने जर्सीचं खालचं टोक दोन्ही हातांनी धरलं आणि पुढे केलं. तांदूळ पडले, खण पडला, नारळ पडला. मग दुसरीने धरलं, तिसरीने धरलं. माझ्या आईने मला कोपराने ढोसलं. मीही धरलं.

ओटी घेतल्यावर बसून राहता येत नाही. आम्ही खेळायला गेलो.

कप्तानने त्या दिवशी जो खेळ केला तो मी वाढवून सांगू शकत नाही, हीच माझी अडचण आहे. तीन गोल. तिसऱ्या वेळी नागपूरची गोलकीपर आधीच बाजूला सरकली, माणूस रेल्वेफाटकात सरकतो तशी. वऱ्हाड जिंकलं. अध्यक्षांनी पाहुण्यांना सांगितलं, "पाह्यलं? पैशासाठी खेळनाऱ्या पोरी अशा खेळतात काय?"

त्यानंतर कप्तान सरावाला आलीच नाही. फोन लावला तर "घरी काम हाय." म्हणून मी वकिलांच्या घरी गेले. काकूंनी पाणी दिलं, बसवलं, आणि आपला मोबाइल माझ्यासमोर धरला. त्यावर माइकवाला व्हिडिओ होता. अमरावतीत तो इतका फिरला होता की मी शिकवते त्या क्लासच्या व्हॉट्सॲप गटातही तीनदा येऊन गेला.

"हे कोण?"

"काका."

"काय करताहेत?"

"टाळ्या वाजवून राहिले."

"तुमचा भत्ता होता. तो तुम्ही दान केला. गावाला माहीत, पाहुण्यांना माहीत, यांना माहीत. मला माहीत नाही. मी इकडे रोज विचारते, बाई, काही मिळतं का गं? ही म्हणते, नाही मिळत, आई. दान केल्याचं मला वाईट नाही. दान या घरातही होतं. पण घरात विचारून होतं."

"काकू, भेटलाच नाही तं दान कायचा करा? अध्यक्ष खोटं बोलले."

"आणि हे खोट्याला टाळ्या वाजवत होते? कोर्टात जन्म गेला यांचा."

"त्यायले माहीत नव्हतं."

काकूंनी मोबाइल बंद करून बाजूला ठेवला. "तुझं एक मला माहीत आहे. चिखलदऱ्याच्या शिबिरात अस्वल येऊन तुझ्या जागी गोलमध्ये उभं राहिलं आणि त्याने दोन चेंडू अडवले, हे तू याच सोफ्यावर बसून सांगितलंस."

"तीन," मी म्हटलं. तोंडातून निघून गेलं.

कप्तान स्वयंपाकघराच्या दारात उभी होती. तीसुद्धा हसली नाही. मला फाटकापर्यंत सोडायला आली तेव्हा मी तिच्यावरच घसरले. "तू काहून नाही सांगत वं? तोंड शिवलं काय?"

"सांगतलं. आई म्हनतात, भेटला नव्हता तं साऱ्या लोकायसमोर ओटी काहून घेतली?"

"मंग बाबाले सांग तुह्या. ते येतीन, आईले सांगतीन."

"बाबा ती शाल घालून सोयरिकीत जातात आता," ती म्हणाली. "त्यायले काय सांगू? काढा म्हनू?"

मग मी काकांकडे गेले. घरी नाही, कोर्टाच्या बाहेर, चहाच्या टपरीवर. मी अमरावतीतल्या त्या क्लासमध्ये पोलीस भरतीच्या मुलींना धावायला शिकवते. सकाळचा सराव आटोपला की वाट तिकडूनच जाते. काकांनी मला पाहिलं आणि न विचारता दुसरा चहा सांगितला. मी अध्यक्षांची सगळी कथा सांगायला तोंड उघडलं, तर त्यांनी हात वर केला.

"मला माहीत आहे."

"केव्हापासून?"

"तिथंच कळलं होतं. काढून ठेवलेला पैसा न घेताच दान होतो, असं कुठं असतं का? असला व्यवहार मी कोर्टात दोन मिनिटं टिकू दिला नसता."

"मंग टाळ्या काहून वाजवल्या?"

काकांनी बशीत चहा ओतला. "सगळे वाजवत होते. अंगावर शाल होती. पाहुणे शेजारी. एकट्याने हात बांधून बसायचं का?"

"बरं, नाही बसले. आता घरी तं एक वाक्य बोला. 'भत्ता नव्हता, पोरगी खरं बोलते.' एवढंच. मोसम अजून सरला नाही, ती उद्या मैदानावर येईन."

"येईल," ते म्हणाले. "पण मग तिची सासू मला विचारेल, तुम्ही तेव्हा टाळ्या का वाजवल्या. बेटा, त्या घरात माझ्या शब्दाला किंमत आहे. ती अशी उधळता येत नाही."

त्यांनी चहाचे पैसे दिले आणि म्हणाले, "बोलेन. नाही म्हणत नाही. वेळ पाहून बोलेन."

संघटनेने कप्तानच्या जर्सीचा नंबर त्याच मोसमात दुसऱ्या मुलीला दिला. ती मुलगी बरी आहे, पळते. मी पुढच्या ओटीला जर्सी धरली नाही. हातांत गोलकीपरचे मोजे होते, ते हात पाठीमागे बांधून उभी राहिले. अध्यक्षीणबाई म्हणाल्या, अपशकुन करते काय? मी म्हटलं, हो. मला बसमध्ये चढू दिलं नाही. संघ हरला. हरण्याचं कारण मी आहे असं अमरावतीपासून अकोल्यापर्यंत सगळ्यांना माहीत आहे. इतका दूरवर गेलेला माझा हा एकच चेंडू, आणि तो दुसऱ्याने मारलेला.

कप्तानला एक मुलगी झाली. ती मुलगी आता स्वतः चालते, पळते, पडते. कप्तान तिच्यामागे जिना उतरताना कठडा धरते.

काका मला अजून भेटतात. माझ्या मुली रस्त्याच्या कडेने धावत असतात आणि ते स्कूटरवरून कोर्टात निघालेले असतात. मला पाहिलं की स्कूटर हळू करतात. थांबवत नाहीत. मी नुसती भुवया वर करून विचारते. ते एक हात हँडलवरून काढतात, बोटांनी जरा धीर धर अशी खूण करतात, आणि कोर्टाकडे निघून जातात.